सुशीच्या पट्ट्यावर धपाटे

सुशी हा जपानी पदार्थ मला नवीन नाही, असं मी लेकीला, स्वरदाला, ठणकावून सांगितलं होतं. मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते की एखाद्या जपानी बाईला चार गोष्टी मीच शिकवल्या असत्या. तिचं ज्याच्याशी जमलं होतं त्या ग्लेनरॉयची आई, कॉन्सेप्टाबाई, पहिल्यांदाच भेटणार होत्या. लग्नाचं बोलायचं होतं. आम्ही मुलुंडचे, ते मालाडचे, म्हणून मधल्या पवईतलं सुशीचं हॉटेल ठरलं. दोन्ही आयांचं जमेल ना, या काळजीने मुलं अर्धी झाली होती.

हॉटेलात टेबलाला लागूनच एक काळा कट्टा होता. कॉन्सेप्टाबाईंसाठी मी धपाटे केले होते. तो डबा कट्ट्यावर ठेवला, निऱ्या सावरत बसले आणि वर बघते तर डबा चालायला लागलेला.

"आई, तो पट्टा आहे," स्वरदा दातांतल्या दातांत म्हणाली. "त्यावरून सुशी फिरते."

माझ्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं.

मी मागे धावले. सुशीच्या बशांमधून डबा नवरदेवासारखा ऐटीत निघाला होता. पुढच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने झाकण उघडलंसुद्धा.

"अहो, हा डबा..."

"थँक्यू आंटी. याच्यासोबत काय घ्यायचं?"

"ठेचा. खालच्या कप्प्यात आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. सवय हो, दुसरं काय!

त्याच्या शेजारच्या टेबलाने बशा पुढे केल्या. मग डबा पडद्याआड किचनमध्ये शिरला आणि बाहेर आला तो चाटूनपुसून रिकामा.

मी तो घेऊन परतले. स्वरदाने कपाळ धरलं होतं. ग्लेनरॉय नुसतं पाणी पीत होता.

"जयाबाय, माझ्यासाठी आणलेलं ना ते?" कॉन्सेप्टाबाईंनी गंभीरपणे विचारलं.

"हो."

"एक पण नाय उरला?"

मी मान हलवली. वाटलं, लागली वाट, मोडलं लग्न.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पर्स उघडली आणि हळूच एक डबा मांडीवर घेतला.

"मम्मी, तू पण?" ग्लेनरॉय पुटपुटला.

"गप रे. या सुशीवर आपलं पोट भरेल काय? फुगे आहेत. आमच्यात लग्नाला तळतात."

लग्न म्हटल्यावर मुलं ताठ बसली.

"लग्नाला पुरतील एवढे कोण तळणार?" मी विचारलं.

"मी तळीन ना. तू धपाटे कर. फक्त पट्ट्यावर ठेवू नको."

मेनूकार्डाच्या आडोशाने आम्ही दोघी ते गोल, मऊ फुगे खात होतो, तेवढ्यात वेटर येऊन उभा राहिला. आता हाकलणार, म्हणून मी फुगा तसाच गिळला.

तो वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, त्या टेबलवाले विचारतायत, ती तिखट पोळी मेनूत कुठे आहे?"

घरी आल्यावर शेजारच्या राधाने विचारलं, "कशी होती सुशी?"

"झकास," मी म्हटलं. खरं सांगू? चाखायची राहूनच गेली.