मेश्रामभाऊंचा उजवा पाय

दादाजी मेश्राम मोटार चालवायचे ती उजवा पाय मांडीखाली दुमडून. चप्पल काढून बाजूला ठेवलेली, पंगतीला बसल्यासारखी अर्धी मांडी घातलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि गाडी मात्र ताशी पस्तीसच्या वेगानं आपली आपण चाललेली. सावली गावच्या चौकातून ते असे पहिल्यांदा गेले तेव्हा पानठेल्यावरची माणसं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचं थांबवून रस्त्यावर आली. शेजारच्या सीटवर मी होतो. त्यामुळे ही हकीकत सांगायचा अधिकार माझ्याइतका कोणालाच नाही.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. शाळेत गणित शिकवायचो. फळ्यावर पाल दिसली की त्या दिवशी मुलांचे तोंडी हिशेब घ्यायचो. पण मेश्रामभाऊंच्या शेजारी राहायला आलो आणि आपल्याहून वरचढ कोणी आहे हे बघून जिवाला बरं वाटलं. ते शिडीवर चढत नसत. विहिरीत डोकावत नसत. पोंभुर्ण्याकडे वाघ दिसल्याची बातमी आली की इकडे सावलीत घराची मागची कडी दोनदा तपासत. मधे तीस-चाळीस मैलांचं अंतर आहे, असं मी एकदा म्हणालो. तर म्हणाले, "वाघाले मैल समजते का, मास्तर?" गाडी सुरू करताना ते बुद्धवंदना म्हणायचे, जंगलातून जायचं असलं तर दोनदा.

त्यांचा धंदा धानाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मूल गावापासून चामोर्शीपर्यंत कुठल्याही गिरणीचं डिझेल इंजिन अडलं की भाऊंना बोलावणं यायचं. तिथं मात्र हा माणूस वाघ असे. धडधडत्या इंजिनाला कान लावून रोग सांगत. "माणसाच्या पायाचा भरोसा नाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. "लोखंडाचा आहे. लोखंड भेत नाई."

गाडी त्यांनी जुनीच घेतली होती. छोटी, चार दारांची, रंग नक्की कोणता हे सांगता येऊ नये अशी. एके दिवशी मी बघतो तर बॉनेट उघडं, आणि भाऊ आत काहीतरी बसवताहेत. मोडीत निघालेल्या गिरणीच्या इंजिनाचा गव्हर्नर होता तो. गव्हर्नर म्हणजे दोन लोखंडी गोळे, गरगर फिरणारे. इंजिन जोरात पळायला लागलं की गोळे बाहेर फेकले जातात आणि तेलाची वाट आवळतात. इंजिन मंदावलं की गोळे आत येतात आणि वाट मोकळी करतात. गिरणीत धान जास्त पडो की कमी, इंजिनाचा वेग एकच राहतो तो यामुळं.

"तेच गाडीले केलं तं?" भाऊ म्हणाले. "चढ येवो, उतार येवो, गाडी पस्तीसच्या वर जाणार नाई, खाली येणार नाई. पायाचं कामच नाई!"

"पण पायानं काय वाईट केलंय, भाऊ?" मी विचारलं.

ते पाना घेऊन पुन्हा बॉनेटमध्ये वाकले.

हा खटाटोप कोणासाठी चाललाय ते मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. वच्छलावहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, शोभाची आई, नऊ वर्षं त्या गाडीत बसल्या नव्हत्या. गडचिरोलीला बाजाराला जायचं तर वहिनी बसनं जात. आणि बसच्या मागं, तिची सगळी धूळ खात, भाऊ रिकामी गाडी घेऊन जात! बस थांब्यावर थांबली की हेही थांबत आणि एकदा हॉर्न वाजवत. वहिनी खिडकीतून एकदा मागं बघत. की पुन्हा मिरवणूक पुढं. "बस बिघडली तं कामी येईन," असं भाऊ सांगत. त्यांना एकच हवं होतं: वहिनींनी पुन्हा आपल्या गाडीत बसावं. त्यासाठी गाडी लोखंडासारखी भरवशाची करायची, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या चाचणीला मला नेलं. माझं काम काटा मोठ्यानं वाचायचं. व्याहाडच्या रस्त्याला लागलो, भाऊंनी डॅशबोर्डखालची तार ओढली, चप्पल काढली आणि पाय मांडीखाली घेतला. "पस्तीस," मी म्हणालो. "पस्तीस. पस्तीस." खरंच काटा हलत नव्हता. भाऊंच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्याचा आनंद होता.

वळणापलीकडं धानाच्या पेंढ्यांनी लादलेल्या तीन बैलगाड्या होत्या, रस्ता अडवून. भाऊंनी डाव्या पायानं ब्रेक दाबला. इंजिन घुमलं आणि गाडी आणखीच रेटा द्यायला लागली. का, ते मला नंतर कळलं. ब्रेक लागताच गव्हर्नरला वाटलं की गिरणीत धान जास्त पडलं, आपल्याला जोर लावला पाहिजे. त्या बिचाऱ्याला जन्मात ब्रेक माहीत नव्हता, कारण गिरणीला ब्रेक नसतो.

"पस्तीस!" मी ओरडत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं.

भाऊंनी स्टिअरिंग फिरवलं. गाडी रस्ता सोडून कापणी झालेल्या धानाच्या बांधीत उतरली, धुऱ्याच्या उंचवट्यावरून उडाली, दुसऱ्या बांधीतून गेली आणि बैलगाड्यांच्या पुढं पुन्हा रस्त्यावर आली. सगळं पस्तीसनं. पहिला गाडीवान मान वळवून शांतपणे म्हणाला, "भाऊ, रस्ता इकडून हाये."

मग भाऊंनी तार सोडली, गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून बसले. मला वाटलं आता हे खूळ जाईल. पण ते हातांच्या आडूनच बोलायला लागले.

नऊ वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत ते आणि वहिनी आलापल्लीच्या पुढून येत होते. रस्त्याच्या कडेला मोहफुलांचा सडा पडलेला. वहिनी वेचायला उतरल्या. भाऊ इंजिन चालू ठेवून बसले. आणि झाडामागून अस्वल बाहेर आलं.

"मी काई ठरवलं नाई, मास्तर. भेव पायात उतरलं. पाय दाबून गेला. मी पाहून राह्यलो तं गाडी दोन फर्लांग पुढं, आन शोभाची माय मांगं, एकटी." त्यांनी हात खाली घेऊन उजव्या पायाकडे बघितलं. "अस्वल निघून गेलं, तिले काई झालं नाई. पण हा पाय माहा नाई. हा भेवाचा आहे. याले मी गाडी चालवू देणार नाई."

मी हसलो नाही. मला माझा स्वतःचा पाय माहीत होता. मीही तेच केलं असतं, आणि बहुधा दोन फर्लांगांवर थांबलोही नसतो.

भाऊंनी नियम केला: आधी तार सोडायची, मग ब्रेक. पंधरा दिवस चाचण्या चालल्या. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत हे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. भाऊही त्यांना काही बोलायचे नाहीत. मलाच विचारायचे, "थे पाहून राह्यली होती का?"

आणि मग एका सकाळी बांबूच्या ट्रकवाल्यानं एटापल्लीहून चिठ्ठी आणली. तिथं भाऊंची मुलगी शोभा दिलेली होती. जावई आश्रमशाळेत शिक्षक. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, पोट दुखतंय, आईला ताबडतोब पाठवा. सकाळची बस निघून गेली होती. दुसरी थेट दुसऱ्या दिवशी.

भाऊ चिठ्ठी हातात धरून अंगणात उभे राहिले. गाडीकडे बघत, वहिनींकडे बघत. वहिनींनी दोन लुगडी आणि जुन्या सुती धडप्यांचं गाठोडं बांधलं, सरळ येऊन गाडीचं मागचं दार उघडलं आणि बसल्या. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नाही म्हणू शकलो नाही. शाळेत रजेचा अर्ज धाडला आणि काटा वाचायला बसलो.

वैनगंगेचा पूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी. पस्तीस, पस्तीस, पस्तीस. भाऊ आरशात सारखे मागं बघत होते. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या सीटच्या पाठीवर त्यांची बोटं घट्ट रुतलेली मला दिसत होती. भीती त्यांनाही होती. फक्त ती त्या बोलून दाखवत नव्हत्या.

आलापल्ली सुटली आणि दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू रस्त्यावर आले. मैलन् मैल माणूस नाही. भाऊंनी दुसऱ्यांदा बुद्धवंदना म्हटली. आणि ती संपता संपता बॉनेटमध्ये चाबूक मारल्यासारखा आवाज झाला.

गव्हर्नरला फिरवणारा पट्टा भाऊंनी गिरणीच्या जुन्या पट्ट्याची पट्टी कापून, शिवून केला होता. तो तुटला. गोळे फिरायचे थांबले आणि गव्हर्नरला वाटलं, इंजिन मरायला टेकलं. त्यानं तेलाची वाट सताड उघडली. गिरणीत असं झालं तर काही बिघडत नाही. इंजिन जागच्या जागी बोंबलतं, कारण ते जमिनीला बोल्टांनी आवळलेलं असतं. आमचं आवळलेलं नव्हतं.

"पंचेचाळीस!" मी म्हणालो. "पंचावन्न! भाऊ! साठ!"

भाऊंनी तार सोडायला हात घातला. तिचं टोक तुटून हातात आलं, आत ती अडकलेलीच राहिली. पाय मांडीखालून निघेना, मुंग्या येऊन मेलेला. समोर वळण, वळणावर सागाचं हे एवढं जाड खोड. मी आईचं नाव घेतलं. भाऊंचा हात स्टिअरिंगवर गोठला होता, आणि ते फक्त म्हणत होते, "पुन्हा झालं. पुन्हा झालं."

"अजी," मागून वहिनींचा आवाज आला, कापरा पण स्पष्ट. "चाबी बंद करा ना."

भाऊंनी चावी फिरवली. इंजिन विझलं. वळण आम्ही कसं काढलं ते मी सांगू शकत नाही. गाडी सरपटत, कुरकुरत, शेवटी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पानांचासुद्धा आवाज नव्हता.

वहिनी दार उघडून खाली उतरल्या.

"उतरू नोको!" भाऊ ओरडले.

"बंद गाडी कुठी जाते?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, यायनं तुमाले अस्वलाची गोष्ट सांगतली असन."

"सांगितली."

"अर्धीच सांगतली असन. गाडी तिकडे टाकली आन पाना घेऊन पळत आले हे. पायात चप्पल नाई, डोयाले धार. अस्वल तं कवाचंच गेलं होतं. यायले भेवानं दिसे नाई, तं मोहाच्या झाडालेच पान्याचे चार घाव हाणले. मी हात धरला तवा थांबले."

मी भाऊंकडे बघितलं. ते गाडीतच बसून होते. "थे कायले सांगतं?" ते पुटपुटले. "पयले तं पळालोच ना."

"पळाले. मी बी पळाली असती."

माझ्यानं राहवलं नाही. "मग वहिनी, नऊ वर्षं तुम्ही या गाडीत का नाही बसलात?"

वहिनींचे डोळे एकदम भरून आले. रागानं की कशानं, कोण जाणे. "चल म्हटलं कोणी? एकदा बी म्हटलं नाई. मी बसनं जाओ तं मांगं मांगं रिकामी गाडी. घरात माह्याकडे पाहाले तयार नाई. लोखंड आणलं, पट्टा शिवला, गावभर तमाशा केला. तोंडानं चल म्हणाले का लागते, मास्तर?"

भाऊ मग लंगडत खाली उतरले, बॉनेट उघडलं, पाना घेतला आणि तो गव्हर्नर मुकाट्यानं सोडवून डिकीत टाकला. हात चिंधीला पुसले. पुन्हा पुसले. वहिनींच्या समोर जाऊन उभे राहिले. मी जन्मात सागाची झाडं बघितली नसल्यासारखा झाडांकडे बघत बसलो, पण कान काही बंद करता येत नाहीत.

"शोभाची माय," भाऊ म्हणाले, आणि अडले. नऊ वर्षांचा घास एकदम गिळायचा होता. "चल ना. समोर बसतं का?"

"पाय कापून राह्यला तुमचा," वहिनी म्हणाल्या.

"कापते."

"कापू द्या," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मी मागं गेलो. भाऊंनी चप्पल घातली, पाय खाली ठेवला आणि गाडी निघाली. आता वेगाचा काही धरबंध नव्हता. वीस, चाळीस, पंधरा, मधेच गचका, मधेच उडी. एटापल्ली येईपर्यंत भाऊंनी चार वेळा विचारलं, "भेव तं नाई लागत?" आणि वहिनींनी चारही वेळा सांगितलं, "लागते ना जी. चालवा."