व्हर्लिनची रायफल आणि लॉरेटाचं लक्ष्य

स्वस्त वस्तू माणसाला काटकसर शिकवत नाही, निष्ठा शिकवते. महागड्या वस्तूत खोट निघाली तर माणूस दुकानदाराशी भांडतो. स्वस्त वस्तूत निघाली तर जगाशी.

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्लिन स्टोल्ट्झने रशियन लष्कराने मोडीत काढलेली रायफल घेतली. किंमत दोन माणसांच्या बऱ्यापैकी जेवणाइतकी. वय सत्तर (दोघांचंही). ऊन लागलं की तिच्या लाकडातून जुनं लष्करी ग्रीस पाझरायचं. दर गोळीनंतर पुढची गोळी भरायचा खटका, म्हणजे बोल्ट, अडकायचा, तो लाकडी हातोड्याने उघडावा लागायचा. खांदा जांभळा पडायचा. त्याला व्हर्लिन 'सराव' म्हणत असे. आणि गोळी नेमापेक्षा बरोबर चार फूट उजवीकडे जायची. कधी साडेतीन नाही, कधी पाच नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

चार फूट उजवीकडे लॉरेटा फेन्स्केचं लक्ष्य होतं. टपालकचेरीतली ही बाई नेमबाजीच्या क्लबात त्याच्या शेजारीच नेम धरायची. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा तो बारका उंचवटा) थोडी ठोकून सरकव, असं तिने त्याला तीनदा सुचवलं.

"या रायफलीने महायुद्ध पाहिलंय," व्हर्लिन म्हणाला. "मी आयुष्यभर बस चालवली. मी तिला नेम शिकवू?"

ईस्टरआधी क्लबाची स्पर्धा होती. बक्षीस वीस पौंड वजनाचं हॅम, म्हणजे ईस्टरच्या जेवणातली डुकराची खारवलेली मांडी. अकरा वर्षं व्हर्लिनने हॅम दुकानातून आणलं होतं, आणि बायकोने अकराही वर्षं एक शब्द बोलून दाखवला नव्हता. हेच त्याला लागायचं.

प्रत्येकी पाच गोळ्या झाल्या. व्हर्लिनचा कागद कोरा करकरीत. लॉरेटाच्या कागदावर दहा भोकं, त्यातली पाच ऐन मध्यभागी, तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ. नियमानुसार भोकं लक्ष्याच्या मालकाच्या नावे पडतात. त्यामुळे लॉरेटाचा नेम दोनशे टक्के भरला (क्लबाच्या इतिहासात प्रथमच) आणि हॅम तिला मिळालं.

"हे तुझं आहे, व्हर्लिन," ती हॅम पुढे करत म्हणाली. "माझ्या गोळ्या कुठे लागतात ते मला ठाऊक आहे. मधली पाच माझी नाहीत."

त्याने ते घेतलं नाही. त्याने चौकशीचा अर्ज केला.

पाच जणांची कमिटी बसली (तिघांकडे तसलीच रायफल होती). निष्कर्ष असा, की सदर रायफल अत्यंत अचूक असून लक्ष्य चुकीच्या जागी आहे. व्हर्लिनच्या लक्ष्याचा खांब चार फूट उजवीकडे हलवण्यात आला. मधली अंतरं सारखी राहावीत म्हणून बाकीचेही हलले. शेवटचा ओढ्यात गेला. पुढच्या शनिवारी व्हर्लिनने नव्या जागेवर नेम धरला आणि पाचही गोळ्या पुन्हा लॉरेटाच्या लक्ष्यात बसल्या.

तेव्हा सेक्रेटरी ड्वाइट हॉस्टेटलरने खांब हलवणं सोडून कागदोपत्री नावं हलवली. वहीत लॉरेटाचं लक्ष्य व्हर्लिनच्या नावे लावलं, व्हर्लिनचं तिच्या. माशीचा विषय निघाला, पण तो कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

पुढच्या ईस्टरला भोकं तीच दहा, पण हॅम व्हर्लिनला मिळालं. बायकोने ताटात वाढताना विचारलं, "हे जिंकलेलं ना?" त्याने जांभळ्या खांद्याने कशीबशी मान डोलावली, आणि अर्धं हॅम कागदात बांधून लॉरेटाकडे गेला.

कमिटीला वाचकांनी जरूर हसावं. फक्त त्याआधी आपल्या भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ पाहावं, मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करावीत, आणि मग वेळ उरला तर हसावं.