अप्पांचं नाजूक हृदय

"आधीचा काही आजार?" विमा एजंटने पेनाचं टोपण काढत विचारलं आणि अप्पांना चहाचा ठसका लागला.

चष्म्याचं दुकान मुलाच्या हाती सोपवून अप्पा बायकोसह पहिल्यांदाच क्रूझवर निघाले होते. बोटीवर साधा ताप आला तरी डॉक्टर बिलाने कातडी सोलतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. म्हणून हा वैद्यकीय विमा. समोर दोन पॉलिसी होत्या. एक साधी, आधीच्या आजाराचा खर्च न देणारी. दुसरी मोठी, वेळ पडली तर भर समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून नेणारी.

अडचण एवढीच होती की अप्पांना आजार नव्हता; पण घरात तो होता. फार वर्षांपूर्वी कपाट सरकवताना त्यांनी सहज छातीवर हात ठेवून "धडधडतंय गं" म्हटलं होतं. त्या दिवसापासून त्यांना कुणी साधी भाजीची पिशवी उचलू दिली नव्हती. ती धडधड अप्पांनी पोटच्या पोरासारखी जपली होती.

"आजार तसा काही..." अप्पा पुटपुटले.

"तसा काही काय? हृदय आहे यांना!" बायको म्हणाली. "लिहा हो तुम्ही."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"गोळ्या नाहीत. विश्रांती," अप्पा म्हणाले.

"कुठल्या डॉक्टरांनी सांगितली?"

"होते एक. वारले बिचारे."

एजंटने सहानुभूतीने मान हलवली. "मग साधी पॉलिसी उपयोगाची नाही. बोटीवर छातीत दुखलं तर एक छदाम मिळणार नाही. मोठी घ्या. फक्त आधी हृदयाची तपासणी करावी लागेल."

"साधीच बरी," अप्पा घाईने म्हणाले.

"मुळीच नाही," बायकोने निकाल दिला. "मोठीच घ्यायची."

दवाखान्यात अप्पांना धावत्या पट्ट्यावर उभं केलं. सुरुवातीलाच धापा टाकायच्या, असं त्यांनी घरूनच ठरवून ठेवलं होतं. पण पट्टा सुरू झाला न झाला तोच तिथली तरुण परिचारिका म्हणाली, "दमलात का, आजोबा? थांबवू?"

'आजोबा' हा शब्द अप्पांना झोंबला. "वाढव गं वेग!" ते गरजले आणि असे काही धावले की शेवटी परिचारिकेलाच त्यांना आवरावं लागलं.

डॉक्टर कागद पाहून खूश झाले. "अहो, घोड्याचं काळीज आहे तुमचं! कुणी सांगितलं आजार आहे म्हणून? खुशाल डोंगर चढा."

अप्पांनी बायकोकडे पाहण्याचं धाडस केलं नाही. मग बायको खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "डॉक्टर, थोडं तरी काही निघत नाही का? अगदी बारीकसं?"

अप्पा चकित होऊन बघतच राहिले.

"अहो, बघताय काय असे? मला काय कळत नव्हतं? धडधडणारा माणूस जिन्यावरून शीळ घालत उतरतो का कधी?" ती म्हणाली. "पण तुमच्या थोरल्या बहीणबाई, अक्का, दर सुट्टीत महिनाभर मुक्कामाला यायच्या. 'यांना दगदग सोसत नाही' म्हटल्यापासून येईनाशा झाल्या. आता तुम्ही ठणठणीत असल्याचं कळलं की त्या आल्याच म्हणून समजा!"

डॉक्टरांनी मात्र एक अक्षरही बदलायला नकार दिला. तरी घरी परतताना दोघं कधी नव्हे ती हातात हात घालून चालत होती. अप्पांना बायकोबद्दल नवाच आदर वाटत होता.

दार उघडतात तोच फोन वाजला. अक्का होत्या.

"काय रे, तपासणी होती ना तुझी? काय म्हणाले डॉक्टर?"

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच खूण केली. अप्पांनी आवाज अगदी खोल नेला.

"काय सांगू, अक्का... फार जपायला सांगितलंय."

पलीकडून अक्कांचा निर्धाराचा आवाज आला.

"असं? मग अशा अवस्थेत तुला समुद्रात एकट्या बायकोच्या भरवशावर कसं सोडू रे मी? मीही येते बोटीवर. तो विमा कुठला घ्यायचा, तेवढं सांग."