व्यंकट मास्तरांचे गुण

व्यंकट मास्तर दिसेल त्या चित्राला गुण द्यायचे. न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला त्यांनी दहापैकी साडेतीन दिले होते. एका लग्नात मांडवासमोरची रांगोळी पाहून "चार" एवढंच बोलले, तर रांगोळी काढणाऱ्या नवरीच्या आत्याने त्यांच्या पानावर दुसऱ्यांदा जिलबी वाढू दिली नाही.

कळमनुरीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी इतिहास. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये मास्तर स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन भरवत. तालुक्यात दुसरा कोणी चित्रकार नाही, ही त्यांची मोठी सोय होती. एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमच्या चित्रांना किती गुण?"

"परीक्षकाला कुठं गुण असतात, सर?"

दुसऱ्याच्या चित्राचं कौतुक कानावर आलं की त्यांचं पोट दुखायचं. खरोखरच दुखायचं, ओवा चावावा लागायचा. मी त्या काळी कविता करत असे, त्यामुळे हे दुखणं माझ्याही ओळखीचं होतं.

अशात किसन पेंटरचं नाव झालं. वारंगा फाट्यावर तो ट्रकांच्या मागे मोर, गाई, जास्वंदी रंगवायचा. पंचविशीचा, चित्रकलेची एकही परीक्षा न दिलेला. नांदेडला नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यात त्याची तीन चित्रं लागली. मास्तरांनीही दोन पाठवली होती. ती परत आली.

मास्तर आठवडाभर ओव्यावर होते. रविवारी सकाळी माझ्या दारात उभे. "चला सर. बघू तरी, भिंतीला ट्रक कसा टांगलाय."

नांदेडात गर्दी एकाच चित्रापुढे होती. चित्रात किसनची आई खाली बसून सुपात तूर पाखडत होती. प्लायवूडवर, ट्रकच्याच ऑइलपेंटने काढलेली. पण सुपातला भुसा अंगावर येईल असं वाटून मी पाऊलभर मागे सरलो. मास्तर पुढे सरले. खिशातून तांबड्या शाईचं पेन काढून अभिप्रायाच्या वहीपाशी गेले, टोपण उघडलं, आणि तसंच परत लावलं.

तेवढ्यात किसनने आम्हाला पाहिलं. येऊन मास्तरांच्या पाया पडला. "मास्तर, तुमी खरं सांगा. सगळे छान छानच म्हणून राहिले. काय चुकलं?"

मास्तर याचीच वाट बघत होते. "पदर! पदर कच्चा हाय. पत्र्यावानी दिसून राहिला. आत माणूस हाय का खांब?"

मला वाटलं, पोरगं हिरमुसणार. तो मान तिरपी करून बघत राहिला, "बराबर हाय" म्हणाला, आणि बाहेर उभ्या असलेल्या ओळखीच्या ट्रकमधून रंगाचे डबे घेऊन आला. चित्र खाली उतरवलं, मांडी घातली, आणि चारचौघांदेखत पदर नव्याने रंगवायला घेतला. अर्ध्या तासात पदर मऊ झाला. त्याखाली खांदा आला, खांद्याला थकवा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी मास्तर खिशात ओव्याची पुडी चाचपत होते.

प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस. चारच्या सुमारास त्याच ट्रकमधून आम्ही परत निघालो. किसनने दोन चित्रं मागे बांधली. आईचं मात्र ओलं होतं आणि रस्ता सगळा धुळीचा.

"ऱ्हाऊ द्या," किसन म्हणाला. "धूळ बसली तर पुन्हा रंगवीन."

"काहून? इकडं आण," मास्तर खेकसले.

किसन मागे बसला. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी मी, खिडकीशी मास्तर. त्यांनी चित्राची पाठ खिडकीला लावली, तोंड स्वतःकडे केलं आणि दोन्ही हातांनी ते धरून बसले. दीड तास वीतभर अंतरावर तीच बाई. खड्डा आला की हात ताठ करायचे. आपला शर्ट खराब होईल म्हणून नव्हे, तर शर्टाने पदर पुसला जाईल म्हणून. मी म्हटलं, "आणा, थोडा वेळ मी धरतो." त्यांनी चित्राच्या कडा आणखी घट्ट धरल्या.

फाट्यावर चहाच्या टपरीपाशी किसनची आई वाट बघत उभी होती. किसनने चित्र उतरवून घेतलं. मास्तरांची बोटं अशी आखडली होती की सरळ होईनात.

"किती दिस बसली ही तुझ्यापुढं?" आईकडे न बघता त्यांनी किसनला विचारलं.

"चार दिस."

"कटाळली न्हाई?"

"काहून कटाळंल? लेकरू काढून राहिलं म्हणल्यावर..."

मास्तर बोटं चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी झाडं काढतो. घागरी काढतो. औंढ्याचं देऊळ धा डाव काढलं. बायको गेली तवापासून माझ्यापुढं माणूस बसलंच न्हाई. बस म्हणावं तरी कोणाला?"

इतकी वर्षं एका खोलीत डबा खात होतो आम्ही, पण हे मी कधी विचारलं नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "त्यात काय, मास्तर? मी येते की. नुसतं बसायचंच हाय ना?"

मास्तरांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. टपरीपुढच्या बाकड्यावरची धूळ स्वतःच्या हाताने पुसली.

"मग बसा की इथंच," ते म्हणाले. "अजून उजेड हाय."