इंगोलेबाबूंची सात व्हर्शनं

इंगोलेबाबू दोन चष्मे घेऊन कामावर यायचे. एक डोळ्यांवर, दुसरा दोरीने गळ्यात. गळ्यातला जुना. त्यातून धड काही दिसत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"मग बाळगता कशाला?"

"नवा फुटला त?"

हा 'त' त्यांच्या सगळ्या आयुष्याला पुरला. नवी चप्पल घेतली की जुनी पिशवीत घालून बरोबर आणायचे. नवी चावली त? केंद्रावर नवे साहेब रुजू झाले त्या दिवशी त्यांना हार घालून झाल्यावर इंगोले व्हरांड्यात गेले आणि बदलून गेलेल्या साहेबांना फोन करून त्यांची ख्यालीखुशाली विचारून आले. मी हसलो तर म्हणाले, "तुमी हासा भाऊ. हे नाई टिकले त?" ते साहेब खरंच चार महिन्यांत बदलून गेले. इंगोल्यांनी मला काही ऐकवलं नाही, पण आठवडाभर माझ्याकडे बघून मान हलवत राहिले.

महागावजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी हेडक्लार्क होतो आणि इंगोले फाटकावरच्या कॉम्प्युटरवर. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. व्यापारी फिरकत नसत, त्यामुळे बैलगाड्या नि ट्रॅक्टर सगळे आमच्या दारात. रांग फाटकातून निघून पार सडकेला लागायची. आलेल्या गाडीचं नाव-गाव टाकायचं आणि नंबराची चिठ्ठी काढून द्यायची, एवढंच त्या कॉम्प्युटरचं काम. पण चिठ्ठीवाचून गाडी आत जात नसे, म्हणून इंगोल्यांना रांगेत आमदाराइतका मान होता.

चिठ्ठीचा तो प्रोग्राम हेडऑफिसातून यायचा. दर हंगामाला नवं व्हर्शन आणि सोबत कागद: जुने काढून टाकावे. इंगोले नवं बसवायचे, कागद फायलीला लावायचे आणि जुन्याला हात लावत नसत. अशी सात व्हर्शनं कॉम्प्युटरच्या त्या एका डब्यात नांदत होती. गोठ्यातल्या जनावरांबद्दल बोलावं तसं ते बोलायचे. "तिसरं गरीब हाय. पाचवं मारकं, सांभाळून घ्या लागते."

इथेही एकदा त्यांचं खरं ठरलं. ऐन हंगामात सातवं व्हर्शन बंद पडलं. रांगेत आरडाओरडा सुरू झाला, साहेबांना घाम फुटला. इंगोल्यांनी शांतपणे सहावं उघडलं आणि चिठ्ठ्या फाडायला लागले. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. दुपारी सातवं आपोआप शुद्धीवर आलं आणि त्याने सकाळी जिथे सोडलं होतं तिथूनच नंबर द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी फाटकावर सत्तावन्न नंबरचे दोघे एकमेकांची गचांडी धरून उभे. इंगोल्यांनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या आणि निकाल दिला, "तुमी जुने सत्तावन्न. तुमी नवे. जुने पयले जातीन." कसं कोण जाणे, दोघांनाही ते पटलं.

पुढच्या दिवाळीआधी आठवं आलं आणि त्याला डब्यात जागाच उरली नव्हती. अमरावतीहून इंजिनिअर आला. पोरगा भला होता. त्याने छापील फॉर्म आणला होता. जुनी सर्व व्हर्शनं काढून टाकली, असं लिहून खाली माझी सही हवी होती.

"काका, हे सगळं उडवावं लागते."

"नवीन बंद पडलं त?" इंगोले खुर्चीवरून उठेनात.

तासभर हुज्जत चालली. पोराने समजावलं, मी समजावलं. इंगोल्यांनी चहासुद्धा घेतला नाही, आणि हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. शेवटी पोरगा म्हणाला, "बरं, एकाची जागा करतो. कोणतं ठेवू? सातवं ना?"

मला वाटलं, सुटलो. अडीनडीला कामी येईल असं सातवंच होतं.

इंगोले म्हणाले, "पयलं ठेवा. बाकीचे काढून टाका."

"काका, पहिलं तर चिठ्ठीसुद्धा काढत नाही. नवा प्रिंटर त्याला चालतच नाही."

"मालूम हाय मले."

पोराने ते उघडून पाहिलं. काळ्या पडद्यावर गावांची यादी आली. "आणि हे पहिलंच गाव मोहझरी? हे तर आपल्या तालुक्यात नाही."

नाहीच. मोहझरी झरी जामणीकडे, जंगलात. तिथून आमच्याकडे एकही गाडी कधी आली नाही, यायची नाही. पण मी त्या गावाला गेलो होतो, इंगोल्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडात. मग मला तो पहिला हंगाम आठवला. पहिल्या व्हर्शनात गावं आपणच भरायची होती आणि इंगोल्यांची दोन बोटं भारी हळू चालायची. म्हणून रविवारी त्यांच्या घरून सुमनवहिनी जेवणाचा डबा घेऊन यायच्या, शेजारी बसायच्या आणि एकेक अक्षर शोधून यादी भरायच्या. "पयले माह्यं गाव," असं त्या म्हणाल्या तेव्हा मीही तिथेच होतो. दुसऱ्या व्हर्शनापासून यादी हेडऑफिसातून तयार यायला लागली. आठवं आलं तेव्हा वहिनींना जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं.

पोरगा बाहेर फोनवर बोलायला गेला, तेव्हा मी हळूच विचारलं, "याचं करता काय तुम्ही?"

"काय करतो भाऊ? सकाळी आलो का उघडतो. वरतं तिचं गाव राह्यते. पाह्यतो, आन् बंद करतो."

पोरगा परत आला. त्याने सहा व्हर्शनं काढली. मी त्याच्याकडून फॉर्म घेतला आणि सगळी काढून टाकली म्हणून खाली सही केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत तेवढीच एक खोटी सही.