एक विरुद्ध एक

दत्ताअण्णांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही. पडदा लावण्याचा ठराव अकरा वेळा मांडला गेला आणि अकराही वेळा एक विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. समान मतं पडली की ठराव पडतो, असा नियम आहे. आणि नियमापुढे अण्णा कुणाचं ऐकत नाहीत.

हा नियम एका आंतरराष्ट्रीय क्रांतिकारी समाजवादी संघटनेचा. अण्णा तिच्या रत्नागिरी शाखेचे चिटणीस. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. कुठल्याशा परक्या बंदरात गोदी कामगारांचा संप चालला होता. तिथे कुणीतरी त्यांच्या एका हातात पत्रक आणि दुसऱ्या हातात उकडलेला बटाटा ठेवला. बटाटा त्यांनी तिथेच खाल्ला, पत्रक अजून चावताहेत.

शाखेला किमान दोन सभासद लागतात. म्हणूनच यांनी माझ्याशी लग्न केलं, असं इंदूमावशी सांगायच्या. मावशी राजापूरकडच्या नाटे गावच्या, मासे विकणाऱ्या घरातल्या. गिऱ्हाइकाने पहिला भाव सांगितला की नाही म्हणायचं, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. अण्णांचा प्रत्येक ठराव त्यांना पहिला भाव वाटायचा.

"माझा विरोध हाय," बांगडे साफ करता करता त्या म्हणायच्या.

"कारण?"

"कारण तुमचा तुमी शोधा."

अण्णा तेही इतिवृत्तात लिहून घ्यायचे.

सभा दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता. मी शेजारीच राहते, त्यामुळे जागतिक भांडवलशाहीची कोंडी मला भाजी चिरता चिरता कळायची. एकदा मी चळवळीचा इतिहास विचारायची चूक केली. अण्णा थेट भावकीवर घसरले.

"हे बघ शैले, पयली आंतरराष्ट्रीय संघटना भांडणात मोडली. दुसरीतले पुढारी लढाई लागल्याबरोबर आपापल्या सरकाराच्या मागे धावले. तिसरी एकाच घराच्या हुकमात गेली. चौथीचे तर इतके तुकडे झाले, की चुलतभाऊ चुलतभावाला ओळख देत नाय. देव एक, पण गणपती प्रत्येकाचा वेगळा!"

"आणि आपला कुठला?"

"आपला खरा," अण्णा म्हणाले.

फूट रत्नागिरीतही पडली. पडद्यावरून एकदा वाद विकोपाला गेला आणि मावशींनी अल्पमताचा गट म्हणून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. एकास एक असताना अल्पमत कुणाचं, अशी तात्त्विक हरकत घेऊन अण्णांनी दोन दिवस केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सुरमईच्या कालवणाचा वास सुटला आणि लगोलग एकीकरण परिषद भरली.

मे दिनाचा मोर्चा मात्र कधी चुकला नाही. पुढे झेंडा घेऊन अण्णा, मागे बाजाराची पिशवी घेऊन मावशी. "अण्णा, बाकीचे खंय?" नव्या हवालदाराने विचारलं. "जगभर पसरलेत," अण्णा म्हणाले. ते काही खोटं नाही. महिन्यातून एकदा मोबाइलवर अर्जेंटिना, ग्रीस, श्रीलंका अशी मंडळी जमतात आणि अण्णा त्यांना खलाशी इंग्रजीत ट्रॉलरवरच्या माणसांचे हाल सांगतात. मावशी मागून डोकावून विचारायच्या, "त्या ग्रीसवालीचा गुडघा बरा झाला काय?" ग्रीसवाली काही न कळता हात हलवायची.

गेल्या गणपतीनंतर मावशी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. सभा बंद झाली. रविवारी पाच वाजता भिंतीपलीकडून आवाज येईना, आणि मला भाजी चिरायचा कंटाळा यायला लागला. अण्णांचा डोंबिवलीचा मुलगा फोनवर फोन करत होता, बाबा, इकडेच या.

मग एका शनिवारी अण्णा दारात उभे राहिले. "उद्या पाचला सभा हाय. सभासद म्हणून तुझं नाव घातलंय."

मी चांगली साडी नेसून गेले. पहिला ठराव पडद्याचा. दुःखातल्या माणसाचं मन मोडू नये म्हणून मी झटकन हात वर केला. एकमताने मंजूर! शाखेच्या इतिहासात मंजूर झालेला हा पहिला ठराव. (पडदा अजून लागलेला नाही, हे ओघानं आलंच.) वाटलं, अण्णा खूश होतील. ते तर मी त्यांच्या ताटातला मासा पळवल्यासारखे बघायला लागले.

"शैले, पावणी म्हणून आलीस काय गो? कशालाही हो म्हणतेस ती!"

मग चष्मा पुसून त्यांनी दुसरा ठराव वाचला. रत्नागिरी शाखा बरखास्त करावी आणि चिटणीसांनी डोंबिवलीस मुलाकडे कायमचं राहायला जावं. वाचून झाल्यावर ते माझ्याकडे बघतच नव्हते, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

डोंबिवलीत दोन वेळचं गरम जेवण होतं, नातवंडं होती. कुणीही शहाण्या माणसानं हो म्हणावं असाच ठराव होता. पण मला अण्णा इथेच, भिंतीपलीकडे हवे होते. आणि त्यांनाही जायचं नव्हतं. फक्त तसं सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

"माझा विरोध आहे," मी म्हटलं.

अण्णांनी मान वळवली. "कारण?"

"कारण तुमचं तुम्ही शोधा."

त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि खाली मान घालून लिहीत बसले. एवढ्या चार शब्दांना इतका वेळ कशाला लागावा, हे मी विचारलं नाही. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. अण्णांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले आणि फोन कानाला लावला. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज खणखणीत लागला होता.

"येणार व्हतो रे बाबा. पण काय करू, शाखेनं नाय म्हटलं."