अ‍ॅव्होकाडो दाबून पाहण्याचा अधिकार

ठक्.

दुपारच्या शांततेत ओट्यावर एवढाच आवाज झाला आणि घरातल्या सगळ्या जाणत्यांना कळलं, की फळ कच्चं आहे. पिकलेलं अ‍ॅव्होकाडो ओट्यावर ठेवलं तर आवाज करत नाही. ते शहाण्या पाहुण्यासारखं निमूट बसतं. कच्चं मात्र आल्या आल्या आपली हजेरी लावतं.

माणसाला ताज्या अन्नाची गरज असते, हे सत्य आता सर्वमान्य झालेलं आहे. ते अन्न नेमकं कोणी खायचं, एवढाच मुद्दा काही घरांत विचाराधीन असतो.

या घरात तो मुद्दा उपस्थित होण्याचं कारण असं, की आदल्या आठवड्यात घरच्या सुनेला ओट्यापाशी भोवळ आली. त्या वेळी ती लेकीच्या ताटलीतल्या पावाच्या कडा संपवत होती. (लेकीचं नाव काहीही असो, तिला सगळे मुंगी म्हणतात. कुठे गोड सांडलं, की ही हजर.) भोवळ लहानशीच होती. मिक्सरला टेकून निभावली. पण सासूबाईंनी पाहिली, आणि प्रकरण डॉक्टरीणबाईंपर्यंत गेलं.

"जेवता ना वेळेवर?"

"जेवते की."

"बसून?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. ती बराच वेळ छताकडे बघत आठवत राहिली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. गोळी नाही, टॉनिक नाही. "एकदा तरी," त्या म्हणाल्या, "काहीतरी ताजं करा. फक्त स्वतःसाठी. खुर्चीवर बसून खा. आणि मला येऊन सांगा. नाही केलंत, तर पुढच्या वेळी मिक्सर जागेवर असेलच असं नाही."

घरानं हे फार मनावर घेतलं. या घराचं सुनेवर मनापासून प्रेम आहे, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. (ज्या घरात प्रेम नसतं, तिथे सून निवांत जेवते. कोणी बघतच नसतं.) नवऱ्यानं त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक चित्रफीत शोधून काढली: 'पाच मिनिटांत ताजं सॅलड'. एक अ‍ॅव्होकाडो, दोन संत्री, एक मोसंबं, लिंबू, मीठ, मिरपूड. गॅस लावायचा नाही, फोडणी नाही, काही नाही. चित्रफितीतल्या स्वयंपाकघरात एकच माणूस होता आणि त्याला आतल्या खोलीतून कोणी हाक मारत नव्हतं. पाच मिनिटांचं रहस्य तेच होतं, पण साहित्याच्या यादीत ते दिलेलं नव्हतं.

खुर्चीचा प्रश्न त्या मानानं सोपा वाटला, कारण टेबलाला खुर्च्या चार आहेत. एक नवऱ्याची. एक सासूबाईंची, पाठीला उशी असलेली. एक मुंगीची, बुडाला उशी असलेली. आणि चौथी 'आईची खुर्ची'. तिच्यावर धुतलेले, वाळलेले आणि घडीच्या प्रतीक्षेत असलेले कपडे असतात. ढीग कधी वाढतो, कधी ओसरतो, पण खुर्ची रिकामी दिसल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. आईनं ढीग तिथे ठेवायचा म्हणून ती आईची खुर्ची. नावात खोट काढायला जागा नाही.

फळवाल्यानं फळ देताना बजावलं होतं, "ताई, चार दिवस ठेवा. रोज अंगठ्यानं हळूच दाबून बघायचं. जरासं दबलं की कापा. उशीर केलात की गेलं कामातून."

सूचना स्वच्छ होती. फक्त दाबायचं कोणी, हे त्यात नव्हतं.

नवरा रबरी नळ्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. नळी अंगठ्यानं दाबून 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढं सांगणं हे त्याचं काम, आणि त्याच्या अंगठ्याला तिथे मान आहे. सगळ्यांना ओट्यापाशी बोलावून तो म्हणाला, "हे असं येता-जाता कोणीही दाबायचं नाही. आमच्याकडे नळीला हात लावायलासुद्धा माणूस नेमलेला असतो."

"मग नेमायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मी आहे की. जन्म गेला फळं दाबण्यात."

"आई, तू केळी दाबलीस, पपया दाबल्यास. हे वेगळं असतं."

"फळ वेगळं असेल. अंगठा तोच आहे ना?"

शेवटी समझोता झाला. सकाळची दाबणी मुलाकडे, संध्याकाळची आईकडे. दोघांच्या मतांत अंतर पडल्यास दोघांनी मिळून फेरदाबणी करावी. (अंतर रोज पडलं.) मुंगीला वयाच्या कारणास्तव अधिकार नाकारण्यात आला. तिनं जमिनीवर लोळण घेतली, तेव्हा तिला देखरेखीचं पद देण्यात आलं. दाबणारे नीट दाबतात की नाही हे तिनं पाहायचं, आणि ते कळण्यासाठी अर्थातच नंतर स्वतः दाबून बघायचं.

राहता राहिली ती स्वतः, जिच्यासाठी फळ आणलं होतं. तिला अधिकार देता येईना. नवऱ्यानं ते प्रेमानं समजावलं. "हे बघ, खायचंय तुला. म्हणजे तुला ते लवकर पिकल्यासारखंच वाटणार. ज्याला माल न्यायचाय त्यानंच माल तपासला, तर तपासणीला अर्थ काय?"

तिनं मान डोलावली. तर्कात खरंच फट नव्हती.

दाबण्या सुरू झाल्या. सकाळी नवरा म्हणे, "अजून नाही." संध्याकाळी सासूबाई म्हणत, "उद्या बघू." मुंगी अहवाल देई, "गार आहे." घरात एका फळाची एवढी विचारपूस यापूर्वी झालेली नव्हती. कामावरून आल्यावर चपला काढायच्या आत नवरा विचारी, "कसंय ते?" आणि तीही चटकन उत्तर देई. आपली तब्येत कोणी विचारली असती, तर इतकं चटकन सांगता आलं नसतं.

मधेच एकदा सराव म्हणून तिनं एक संत्रं सोलायला घेतलं. सॅलडात फोडी घालायच्या, तर वरचा पापुद्रा, दोरे, बिया सगळं काढून आतला रसाळ गर तेवढा घ्यायचा असतो. आणि इथे तिला त्या कायद्याची ओळख झाली, जो कुठल्याही पुस्तकात नाही पण सगळ्या घरांत लागू आहे. पापुद्र्यातली फोड ही खाजगी मालमत्ता असते. पापुद्रा काढला, की ती सार्वजनिक होते.

"आंबट आहे का बघू," म्हणत सासूबाईंनी एक उचलली. "आंबटच आहे गं," म्हणून खात्रीसाठी आणखी एक. नवरा फोनवर बोलत आला, दोन फोडी तोंडात टाकून बोलतच गेला. आपण काय खाल्लं हे त्याला आजतागायत माहीत नाही. मुंगीनं तर वाटीपाशी ठाणच मांडलं. "याचा एक दोरा राहिलाय," असं म्हणून ती फोड नापास करायची आणि नापास फोड खाऊन टाकायची. सुनेच्या अंदाजानुसार (हा अंदाज तिनं भांडी घासताना बांधला) सोललेल्या फोडींपैकी नव्वद टक्के वाटीपर्यंत पोचत नाहीत. उरलेल्या दहा टक्क्यांत बिया असतात. तरी बोटांना आलेला संत्र्याचा वास पूर्णपणे तिचा होता. तो तिनं कोणाला न विचारता घेतला.

नंतर आणलेली दोन संत्री आणि मोसंबं तिनं पिठाच्या डब्यामागे लपवलं. जिच्या घरात लपवायला काही नाही, अशा बाईला हे करताना किती धडधडलं, ते डबाच जाणे.

मग सुटीची दुपार आली. जेवणं होऊन तिघंही झोपली होती. मुंगीचा एक पाय आजीच्या पोटावर होता. सकाळची दाबणी झालेली होती आणि निकाल "अजून नाही" असाच होता. तिनं अ‍ॅव्होकाडो उचललं आणि पुन्हा ओट्यावर ठेवलं.

आवाज झाला नाही.

तिनं सुरी घेतली. मधोमध गोल फिरवली, दोन्ही अर्धी पिळून वेगळी केली, आणि बघत राहिली.

आत सगळे जण होते. देठापाशी एकेक स्वच्छ, गोल, तपकिरी डाग. तो नवरा, हाताला शिस्त असलेला. बाजूनं एकापुढे एक, मण्यांच्या ओळीसारखे, त्या सासूबाई. बुडाला बारीक बारीक ठिपके, जणू खरोखरच मुंग्या चालून गेल्यात. आणि एका कुशीवर, जी बाजू नेहमी भिंतीकडे असायची, एकच खोलगट काळा खड्डा. तिथे कोणाचीही नेमणूक नव्हती. तिनं आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला.

चपखल बसला.

पाणी पिताना, ओटा पुसताना, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असताना. सगळ्यांच्या नकळत, सगळ्यांपेक्षा जास्त. रोज सगळ्यांचं मत 'अजून नाही' असं पडत होतं आणि आज फळ म्हणत होतं, 'आता नाही'. मधलं 'आता' कधी येऊन गेलं, ते कोणाच्याच अंगठ्याला लागलं नव्हतं.

पण अंगठे गोल असतात, आणि गोलांच्या मध्ये जागा उरते. तिनं चमच्यानं डागांच्या कडेकडेनं हिरवं तेवढं काढलं. दाराकडे पाठ करून संत्री सोलली, मोसंबं सोललं. लिंबू पिळलं, मीठ-मिरपूड भुरभुरवली. लहानशी वाटी भरली. हिरवं, केशरी, फिकट पिवळं. इतकं देखणं काही तिनं फक्त स्वतःसाठी कधी केलेलं तिला आठवेना. मग तिनं कपड्यांचा ढीग कवेत घेतला, वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला, आणि आईच्या खुर्चीवर बसली.

टक्.

खुर्चीचा एक पाय आखूड होता. इतक्या वर्षांत हे तिला आजच कळलं.

आवाजानं घर जागं झालं. आधी सासूबाई आल्या आणि दारातच थांबल्या. "अगं बाई! बसलीस! अरे ए, बघ तरी, बसलीय ती!" नवरा लुंगी सावरत आला. त्याचा चेहरा उजळला. "पिकलं? सकाळी मला जरा शंका आलीच होती. बघ, रोज दाबत राहिलो म्हणून कळलं." मग त्यानं मोबाइल आणला. "थांब, खाऊ नकोस. डॉक्टरीणबाईंना पाठवायला फोटो काढतो. जरा हस."

ती हसली. फोटो छान आला.

"आता खा," सासूबाई समोर बसत म्हणाल्या. "अगदी सावकाश. आम्ही बघतोय."

तिनं चमचा भरला. आणि मग कोणीही काही मागितलेलं नसताना, कोणीही जबरदस्ती केलेली नसताना, तो चमचा आपोआप मुंगीच्या तोंडाकडे वळला. (हाताला इतक्या वर्षांची वाट पाठ. बैल जसा न हाकता गोठ्याकडे वळतो.) दुसरा सासूबाईंकडे गेला, "चव बरी आहे हो!" तिसरा नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं न काढता घेतला. मग पुन्हा तोच फेरा, आणि पुन्हा. मंडळी फार खूष झाली. डॉक्टरांचा सल्ला इतका चविष्ट असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. वाटीत एक फोड उरली, तिच्यावर हिरव्याचा एक तुकडा. तो तिनं चमच्यात घेतला, आणि या वेळी कोपर घट्ट अंगाशी धरलं.

आपण हसत असाल, तर हरकत नाही. फक्त एकदा उठून आपल्या टेबलाजवळची ती खुर्ची बघून या. आणि तिच्यावरच्या ढिगात आपलाही शर्ट आहे का, तेही.

इकडे चमचा ओठांपर्यंत पोचला होता. मुंगी मात्र वाटीकडे बघत नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती, मग मशीनवरच्या ढिगाकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. तिच्या कपाळावर खरीखुरी काळजी उमटली. तिनं आईचा पदर ओढला.

"आई, तू इथे बसलीस, तर आता कपडे कुठे बसणार?"